इंग्लंडला मुलांकडं गेलात तर जुनं चॅपल कसं बघायचं

सांगली-मिरजेतली बरीच मंडळी हल्ली मुलांकडं इंग्लंडला दोन-दोन महिने राहून येतात, आणि लंडन बघून झालं की पुढं काय हा प्रश्न येतोच. माझं सांगणं असं की मुलगा राहतो त्या गावातलं जुनं चॅपल शोधा, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या राहिलेल्या ख्रिस्ती पंथांचं प्रार्थनाघर. मनोरा आणि मोठी घंटा असेल तर ते बहुतेक सरकारी चर्च ऑफ इंग्लंडचं, ते सध्या सोडा. गल्लीत आत, विटांचं, एखाद्या घरासारखं दिसणारं बघा.

आधी थोडा इतिहास, त्याशिवाय बघून काही कळत नाही. 1662 ला कायदा झाला की सगळ्यांनी एकाच पुस्तकातली प्रार्थना म्हणायची, ते न पटलेले जवळपास 2000 धर्मगुरू त्या एक-दोन वर्षांत पदाला मुकले. 1664 च्या कायद्यानं तर घरच्यांशिवाय पाचांपेक्षा जास्त माणसं प्रार्थनेला जमली की शिक्षा! परवानगी मिळाली 1689 ला, तीही जागा रजिस्टर करा आणि प्रार्थनेच्या वेळी दाराला कुलूप-कडी लावू नका या अटींवर. हे लोक म्हणजे नॉनकन्फॉर्मिस्ट, त्यात बॅप्टिस्ट, क्वेकर, प्रेस्बिटेरियन असे पंथ. प्रेस्बिटेरियन शब्द मिरजकरांना नवा नाही, वॉनलेस हॉस्पिटल त्याच पंथाच्या अमेरिकन मिशनचं.

आता बाहेरून बघायला सुरुवात करा. पहिल्यांदा ठरवा की दर्शनी भिंत लांब बाजूची आहे का आखूड बाजूची. लांब भिंतीत दोन दारं आणि मध्ये दोन उंच खिडक्या असतील तर इमारत साधारण 1689 नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांतली असण्याची शक्यता जास्त, आखूड बाजूला त्रिकोणी माथा आणि खांब दिसले तर बहुतेक 1800 नंतरची, आणि टोकदार कमानी असतील तर व्हिक्टोरियाच्या काळातली. माथ्यावर तारखेचा दगड असतोच बहुतेक वेळा, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण नंतर वाढवलेल्या भागावर पण दगड बसवतात. विटांचा रंग कुठं बदलतो ते बघा, बुजवलेली खिडकी शोधा. चेशरमधल्या नट्सफर्डच्या 1689 च्या चॅपलला तर माडीवर जायचे जिने बाहेरून आहेत, आपल्या जुन्या वाड्यांतून असतात तसे.

आत गेल्यावर मात्र घाई करू नका, खरं बघायचं ते इथंच. चर्चमध्ये नजर समोरच्या वेदीकडं जाते, चॅपलमध्ये ती व्यासपीठाकडं जाते, त्याला तिथं पल्पिट म्हणतात. उंच, लाकडी, पायऱ्यांचं, कधी डोक्यावर लाकडी छत्री, आवाज वर विरून जाऊ नये म्हणून. तीन बाजूंनी गॅलरी. आपल्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात कीर्तनकार उभा राहतो आणि लोक तीन बाजूंनी बसतात, तोच हिशोब. हे लोक गरीब होते म्हणून भिंती पांढऱ्या ठेवल्या असं सर्रास म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. नॉर्विचचं अष्टकोनी चॅपल 1756 चं, चांगलं खर्चिक काम आहे, तरी सगळी रचना शब्द ऐकू यावा म्हणूनच. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली त्यावर एवढे खूश झाले की त्यांच्या लोकांनी पण अष्टकोनी चॅपलं बांधली, यॉर्कशरमध्ये हेप्टनस्टॉलला 1764 चं आहे.

हे स्वतः करून बघा. नॉर्थॅम्प्टनकडच्या एका खेड्यात मी परवानगी काढून पल्पिटवर चढलो, बायकोला वरच्या गॅलरीत शेवटच्या बाकावर बसवलं आणि घरात बोलतो तेवढ्याच आवाजात बेचा पाढा म्हटला. तिला दहाही आकडे स्पष्ट ऐकू आले. आणि मला तिथून प्रत्येक बाक दिसत होता, समोर गॅलरीच्या कठड्यावर बसवलेलं घड्याळ पण, ते प्रवचन करणाऱ्यासाठीच! तिथून जवळच मोल्टन गाव आहे, जोडे शिवून आणि शाळा चालवून पोट भरणारे विल्यम केरी तिथल्या बॅप्टिस्ट चॅपलचे पाळक होते, त्यांनीच पुढं श्रीरामपूरहून, म्हणजे बंगालमधल्या, 1805 ला मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 ला मोडी लिपीत कोश. वैजनाथ पंडितांची मदत होती त्यात. मराठी माणसानं मोल्टनला जायलाच हवं.

बाकांवर नंबर असतील तर फोटो काढा, त्या जागांचं भाडं घेत. मग 30 मार्च 1851 च्या धार्मिक गणतीचा फॉर्म बघा, नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एचओ 129 नावाखाली आहेत, त्यात फुकट जागा किती, बाकीच्या किती, त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ माणसं किती आली असं लिहिलेलं असतं. बाकावरचा नंबर आणि फॉर्मवरचा आकडा शेजारी ठेवले की रविवारची सकाळ डोळ्यांपुढं उभी राहते.

बॅप्टिस्ट चॅपल असेल तर पल्पिटसमोरची जमीन नीट बघा, फळ्यांची दिशा बदललेली किंवा उचलायची कडी दिसली तर खाली हौद आहे, मोठ्या माणसांना त्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. फळ्या स्वतः उचलू नका. रविवारी प्रार्थना संपल्यावर चहा असतो, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते हौस म्हणून उघडून दाखवतात.