या चुका टाळा: वय एक आणि व्यायाम भलत्याच वयाचा

व्यायामशाळेत नवं माणूस आलं की मी आधी वय विचारतो, वजन नंतर. पुष्कळांना ते आवडत नाही. पण दादर-परळ भागात इतकी वर्षं लोकांकडून व्यायाम करून घेताना जे घोळ बघतोय, त्यांतले बरेचसे इथेच सुरू होतात. पंचेचाळिशीचा गृहस्थ कॉलेजातल्या आठवणींच्या जोरावर पळायला निघतो. साठीच्या बाईंना घरचे "आता जपून हं" म्हणत खुर्चीतून उठूच देत नाहीत. दहा वर्षांच्या पोराला मोठ्या खेळाडूचा सराव लावतात. शरीर ज्या वयात जे मागतं ते त्याला मिळत नाही आणि मग सगळे माझ्याकडे मलमाचं नाव विचारायला येतात. यातल्या दोन चुकांवर सविस्तर लिहितोय, कारण त्या पुन्हा पुन्हा बघून मला आता खरंच चीड येते.

पहिल्याच दिवशी सगळं

गुरुपौर्णिमेला गोविंदा पथकांचे सराव सुरू होतात. तिथून दहीहंडीपर्यंत साधारण सव्वा महिना. या दिवसांत आमच्याकडे विशीतल्या पोरांची रांग लागते. वर्षभर बाईकवरून खाली पाय न टेकवलेल्या मुलाला सव्वा महिन्यात खालच्या थराला उभं राहण्याइतके खांदे आणि मांड्या हव्या असतात.

असाच लालबागच्या चाळीतला एक चोवीस वर्षांचा मुलगा आला. कुरियरचं काम करणारा, अंगाने काटक. पहिल्या दिवशी मी त्याला वीस-वीस बैठकांच्या दोन खेपा सांगितल्या. त्याला तो अपमान वाटला. "मास्तर, आमचे आजोबा पाचशे मारायचे." मी म्हटलं, "बाळा, आज चाळीसच." तो गेला आणि त्याच रात्री पथकातल्या मित्रांशी पैज लावून बंद खोलीत त्याने पाचशे बैठका मारल्या. जुलैची दमट रात्र, घामाने फरशी ओली, आणि पाणी प्यायला थांबला तर पैज हरणार.

दुसऱ्या दिवशी कसाबसा कामावर गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला चाळीचा जिना उतरता येईना. कठडा धरून एकेका पायरीवर बसत खाली आला. मांड्या टम्म फुगलेल्या. आई म्हणाली, शेकून काढते. मित्राने मला फोन केला तो मलम कुठलं लावू, हे विचारायला. मी विचारलं, "त्याला लघवी कशी होतेय?" मित्र जरा लाजला, मग म्हणाला, "कोऱ्या चहासारखी." मी म्हटलं, मलम राहू दे, आत्ताच्या आत्ता टॅक्सी कर आणि हॉस्पिटल गाठ. बरेच दिवस सलाईनवर होता. किडनी वाचली, हे त्याचं नशीब आणि त्या मित्राने तो फोन केला म्हणून.

झालं होतं ते असं. सवय नसलेल्या स्नायूंवर अचानक अचाट ताण आला की त्यांचे तंतू फुटतात आणि त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. ते गाळताना किडनीची वाट लागते. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. उकाडा आणि कमी पाणी असेल तर धोका वाढतो, आणि मुंबईत पावसाळ्यात घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड व्हायला मार्गच नसतो. व्यायामाचं साधं दुखणं एक ते तीन दिवसांत जोर धरतं आणि मग ओसरतं. दुखणं वाढतच गेलं, सूज आली, हातापायांतला जोर गेला, लघवी काळपट झाली, की घरगुती उपाय बंद. आणि अशा वेळी आपल्या मनाने पेनकिलर घेऊ नका. त्यांतल्या अनेक गोळ्या किडनीवर आणखी भार टाकतात.

आजोबांच्या पाचशे बैठकांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्यांनी मिसरूड फुटायच्या आधी तालमीत पाऊल टाकलं होतं आणि एकेक बैठक वाढवत ते तिथवर पोचले होते. नातवाकडे नुसता आकडा आला.

माझी पद्धत अगदी साधी आहे. पहिले दोन आठवडे माणूस "अजून जमलं असतं" असं म्हणत घरी गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी जिना नेहमीसारखा चढता आला तरच पुढची वाढ, नाहीतर कालचंच आज. पोरं याला कंटाळतात आणि "तीस दिवसांत बॉडी" वाल्या व्हिडिओंकडे जातात. जाऊ देत. त्यांतली काही गणपतीनंतर परत येतात, खांदा धरून.

चाळिशीत हीच चूक जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या नावाने होते. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, आणि ऑफिसातल्या ग्रुपमध्ये जोश चढतो दिवाळीचा फराळ संपल्यावर. एकवीस किलोमीटर ही दोन महिन्यांत शून्यातून गाठायची गोष्ट नाही. छाती आणि दम त्या मानाने लवकर तयार होतात. हाडं आणि स्नायुबंध मागे राहतात आणि मग नडगीचं हाड दुखायला लागतं. तिथे बोट ठेवल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर पळणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. आधी वर्षभर पाच-दहा किलोमीटर पळा. शर्यत पुढच्या जानेवारीतही आहे.

रात्री अकराला टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळणाऱ्या चाळिशीतल्या मंडळींना एकच सांगणं: आठवडाभर खुर्चीत बसून एकदम रन काढायला सुटलात की पोटरीला टाचेशी जोडणारा जाड पट्टा तुटतो. मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं आणि मागे वळून बघावं तर कुणी नसतं. आठवड्यात तीनदा टाचा उचलण्याचा व्यायाम करा आणि मॅचआधी दहा मिनिटं अंग गरम करा.

"मी रोज चालते ना!"

ही माझी दुसरी आणि जास्त जिव्हाळ्याची तक्रार. पन्नाशीपुढच्या कुणालाही व्यायामाचं विचारा, उत्तर तयार असतं. चालणं उत्तमच आहे. हृदयाला, साखरेला, मनाला, झोपेला. पण चालण्याने मांड्यांची आणि दंडांची ताकद टिकत नाही, आणि तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी थोडेथोडे घटतच असतात, साठीनंतर जास्त वेगाने. बायकांचं त्याहून कठीण. भारतात पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते आणि त्यानंतरची पहिली काही वर्षं हाडं झपाट्याने झिजतात. नेमक्या याच वयात बायका स्वतःकडे बघायचं सोडून सुनेच्या बाळंतपणाच्या आणि सासऱ्यांच्या औषधांच्या मागे असतात.

माहीमच्या एक काकू शिवाजी पार्कला रोज सकाळी फेऱ्या मारायच्या. वय त्रेसष्ट. पाऊस असला तर इमारतीच्या पार्किंगमध्ये चालायच्या, पण फोनवर दहा हजार पावलं झाल्याशिवाय चहा नाही. (हा दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला. त्याच्या खाली थांबलात तर चालणं फुकट गेलं असं मुळीच नाही.) एकदा त्या कट्ट्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, हात न टेकता उठून दाखवा बघू." त्या हसल्या, "अहो मास्तर, मला कशाला ते? मी रोज चालते ना." आणि दोन्ही हात टेकून उठल्या.

गणपतीत आरतीनंतर त्यांना जमिनीवरून उठवायला सून आणि नातू असे दोघं लागायला लागले, तेही घरात कुणाला खटकलं नाही. वयच आहे, म्हणाले. ऑक्टोबरात बाथरूममध्ये पाय सरकला. तोल सावरायला पायांत जोर नव्हता, हात पुढे टेकला आणि मनगट मोडलं. मग डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत कळलं, हाडं आधीच विरळ झालेली होती. इतकी वर्षं नेमाने चालणारी बाई, आणि तिला कुणीही एक किलोचं वजन उचलायला सांगितलं नव्हतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण काकूंकडे चिकाटी होती. ती अर्ध्याच कामाला लागली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना यावर स्पष्ट आहेत. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम चालीचा व्यायाम करावा, शिवाय निदान दोन दिवस ताकदीचा. आणि ६५ च्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम हवा. पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे.

आधी स्वतःला तपासा. हात नसलेली खुर्ची भिंतीला लावून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. शेजारी घरचं कुणीतरी उभं असू दे. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत पूर्ण उठून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ आणि पुरुषाला १४ जमले पाहिजेत. त्याखाली असाल तर पडण्याचा धोका आहे, असं धरून कामाला लागा.

आणि काम म्हणजे हीच खुर्ची. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर ठेवा, पावलं जरा खुर्चीकडे आत घ्या. आधी पुढे वाका, नाक पायाच्या बोटांवर येऊ दे, मग उठा. बसताना मनात तीन मोजत सावकाश खाली या. बहुतेक जण इथेच चुकतात, उठतात छान आणि बसतात धपकन. ताकद त्या सावकाश खाली येण्यात तयार होते. खूप जड जात असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा आणि काही आठवड्यांनी उशी काढा. काकूंनी प्लास्टर निघाल्यावर दोन उशांपासून सुरुवात केली. त्या आता हाताला धरल्याशिवाय आरतीहून उठतात.

टाचा उचलायला वेगळा वेळ काढू नका. कुकर लावलात की ओट्याला धरून उभ्या राहा आणि शिट्ट्या होईपर्यंत टाचा वर-खाली करा. हातांसाठी दोन पिशव्यांत एकेक किलो तांदूळ. मी स्वतः रोज जमिनीवर मांडी घालून जेवतो आणि हात न टेकता उठतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी हे करू नये, त्यांनी खुर्चीच बरी. मात्र पाठीत आधीच मणका दबला असेल तर वाकण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

बाकीच्या चुका, थोडक्यात

मुलांना आठव्या वर्षापासून फक्त क्रिकेट आणि तेही फक्त बॉलिंग. वाढत्या पाठीवर रोज तोच ताण कशाला? पाच ते सतरा वयात रोज तासभर अंगमेहनतीचं खेळणं हवं, पण नाना तऱ्हेचं: पळापळी, लंगडी, पोहणं, मल्लखांब. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात पोरं मल्लखांबावर काय काय करतात, ते एकदा जाऊन बघा. तिथले मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. वजनाच्या व्यायामाने उंची खुंटते, हा समज सोडून द्या. जाणकाराच्या नजरेखाली, हलक्या वजनाने, नीट शिकून केलं तर खुंटत नाही.

बाळंतपणानंतर पोट आत जावं म्हणून सवा महिना होताच पोटाचे जोरदार व्यायाम. पोटाचे स्नायू मधून फाकलेले असतील तर त्याने पोट आणखी पुढे येऊ शकतं. आधी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. शिंकताना थेंब गळत असेल तर "सगळ्यांनाच होतं" म्हणत वर्षानुवर्षं सोसू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने ते पुष्कळ सुधारतं.

श्रावणात मासे बंद, अंडी बंद, आणि त्यांच्या जागी साबुदाण्याची खिचडी. माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज हवं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या एका वाटीने ते होत नाही. मोड आलेल्या मुगाची उसळ, दही, पनीर, शेंगदाणे वाढवा. पावडरचे डबे त्यानंतर. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

सकाळी शुगरची गोळी घेऊन किंवा इन्सुलिन टोचून उपाशीपोटी फेऱ्या मारणारे मला दर आठवड्याला भेटतात. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने साखर एकदम उतरते. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, डोकं चालेनासं झालं, की तिथेच बसा आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. कमीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. खिशात पुडी ठेवायला काही लागत नाही.

आणि चालताना छातीवर दाब आला, कळ जबड्याकडे किंवा डाव्या हातात गेली, थंड घाम फुटला, तर "ॲसिडिटी असेल, ही एक फेरी पुरी करतो" म्हणू नका. बायकांना आणि मधुमेह्यांना तर कळ येईलच असंही नाही, नुसती धाप आणि अस्वस्थपणा असू शकतो. जागच्या जागी बसा, शेजारच्याला हाक मारा आणि १०८ ला फोन लावायला सांगा. स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका.