रायफलचा दस्ता घडवताना आधी रेषा बघा

लाकूड अक्रोडाचं असो वा मेपलचं, ओलावा 10 टक्क्यांच्या आत असलेलंच घ्या. आणि पहिली नजर टाका ती पकडीच्या निमुळत्या भागावर. तिथे लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, लांबीला समांतर धावायला हवी. तिरकी गेली की गोळीच्या धक्क्याने दस्ता नेमका तिथेच फुटतो, मग लाकूड कितीही देखणं असो. नक्षीदार गुंता मागच्या रुंद भागात येऊ द्या.

बाहेरचा आकार नंतर. आधी आतली खाच कोरा, जिच्यात ॲक्शन, म्हणजे गोळी भरून झाडणारा रायफलचा धातूचा मधला भाग, बसतो. चौकोनी ठोकळा व्हाइसमध्ये नीट पकडता येतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, काढा. ॲक्शनच्या खालच्या अंगाला तेलात कालवलेली काजळी पातळ फासा, खाचेत दाबा, उचला. काळा ठिपका उमटेल तेवढंच धारदार पटाशीने खरवडा. पुन्हा फासा, पुन्हा दाबा. काम कंटाळवाणं आहे खरं, पण नेमाची अर्धी लढाई इथेच जिंकली जाते. ॲक्शनखालचा धक्का झेलणारा खुंट मागच्या बाजूने लाकडाला पूर्ण टेकलाच पाहिजे. नळी मात्र पुढे मोकळी हवी: खालून दुहेरी कागदाची पट्टी सहज सरकावी, म्हणजे दमट हवेत लाकूड फुगलं तरी नेम हलणार नाही.

घासून झाल्यावर ओलं फडकं फिरवा, उभे राहिलेले तंतू वाळल्यावर पुन्हा घासा. मग जवसाच्या उकळलेल्या तेलाचे पातळ हात. आतली खाच आणि मागचं आडवं तोंड हमखास राहून जातं. ओल तिथूनच शिरते. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा.