आपलं माणूस संस्थेत असेल तर: हक्क कुठले, कागद कुठले आणि तक्रार करायची कशी

"पटत नसेल तर घेऊन जा तुमच्या भावाला." हे वाक्य मी ऐकलंय, आणि ज्यांचं कुणी बौद्धिक दिव्यांगांच्या वसतिगृहात किंवा संस्थेत आहे त्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असणार, कधी सरळ शब्दांत तर कधी नुसतं ऑफिसमधल्या मॅडमच्या चेहऱ्यावरून. आमच्या घरी आई 78 ची, भाऊ 41 चा, त्याला रात्री फिट येते, घर दोन खोल्यांचं. घेऊन जा म्हटलं की आमची बोलती बंद. पहिली तीन वर्षं मी गप्पच होते. मग ओळखीतल्या एका वकीलबाईंनी विचारलं, तुम्ही त्यांना लेखी काय काय दिलंय? मी म्हटलं काहीच नाही, तोंडी मात्र शंभरदा सांगितलंय. त्या हसल्या. तेव्हापासून जे शिकत गेले ते इथे लिहितेय, क्रम जमेल तसा लावलाय.

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवून टाकू. बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे मानसिक आजार नाही, आणि हे मी नाही म्हणत, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या दिलीय तिच्यातच मतिमंदत्व वगळलंय. त्यामुळे "सांभाळायला कुणी नाही, ठाण्याला किंवा येरवड्याला मेंटलमध्ये टाकून या" असा सल्ला कुणी दिला तर तो कायद्यातही बसत नाही. डिप्रेशन वगैरे वेगळा आजार सोबत असेल तर त्या आजारापुरता तो कायदा लागतो, एरवी नाही. आपल्या माणसासाठी खरे कामाचे कायदे दोन, 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा (याला सगळे नॅशनल ट्रस्टच म्हणतात) आणि 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, जो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. वय 18 च्या आत असेल तर 2015 चा बाल न्याय कायदासुद्धा.

ॲडमिशनच्या आधी

संस्था बघायला जाल तेव्हा बाग, रंगवलेल्या भिंती, देणगीदारांचे फोटो हे सगळं नंतर, आधी नोंदणीचं सर्टिफिकेट बघा. 2016 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसेल तर दिव्यांगांसाठी संस्था चालवताच येत नाही, आणि ते सर्टिफिकेट दिसेल अशा जागी लावलेलं असायला हवं. त्यावरची मुदत वाचा, संपलेली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज केलाय का ते विचारा. लहान मुलांच्या बालगृहाला बाल न्याय कायद्याखालची नोंदणी लागते आणि तिथे मुलांना ठेवायचा निर्णय बाल कल्याण समितीकडून होतो. ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे एवढं दाखवून काही जण वेळ मारून नेतात, ती वेगळी गोष्ट आणि ही वेगळी.

हे इतकं का सांगतेय तर 2010 मध्ये शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या बालगृहातल्या मुलांच्या उपासमारीच्या बातम्या आल्या, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, मग राज्यातल्या अशा संस्थांची तपासणी झाली. तोपर्यंत आत काय चाललंय हे बाहेर कुणालाच नीट माहीत नव्हतं.

18 पूर्ण झाले की पालकत्व आपोआप राहत नाही

हे मला स्वतःला चाळिशीत कळलं. मूल 18 चं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान, मग त्याची समज चार वर्षांच्या पोराएवढी असली तरी. आईवडील म्हणून तुम्ही जी सही करता तिला बँकेत, कोर्टात, प्रॉपर्टीच्या कामात किंमत राहत नाही. त्यासाठी नॅशनल ट्रस्टखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. तिच्याकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करायचा. ही समिती फक्त स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व यांच्यासाठी आहे. अर्ज आईवडील करू शकतात, नातेवाईक करू शकतात आणि नोंदणीकृत संस्थाही करू शकते, आणि इथेच डोळे उघडे ठेवा. जी संस्था सांभाळते तीच कायदेशीर पालकही झाली तर तक्रार कोण कुणाकडे करणार? घरात भाऊ, बहीण, मामेभाऊ, कुणीही धड माणूस असेल तर त्याचं नाव द्या, संस्थेचं नाव अगदी कुणीच नसेल तेव्हा.

पालक झालात म्हणजे मालक झालात असं नाही हं. नेमणूक झाल्यापासून 6 महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते, आणि दर वर्षी आर्थिक वर्ष संपलं की 3 महिन्यांत हिशोब. पालकच दुर्लक्ष करत असेल किंवा पैसे खात असेल तर त्याला काढता येतं, तसा अर्ज याच समितीकडे.

अनाथ मुलांचं काय हा प्रश्न मोठा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांचं बालगृह चालवणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, ते कित्येक वर्षं हेच सांगतायत की 18 झाल्यावर या मुलांना बालगृहातून बाहेर काढायचा नियम बदला, ती जाणार कुठे. ज्यांना घरचे आहेत त्यांचं निदान अर्जावर तरी भागतं.

ठेवायच्या दिवशी

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट, औषधांची चिठ्ठी, निरामय आरोग्य विम्याचं कार्ड (नॅशनल ट्रस्टचा आहे, 1 लाखापर्यंत, काढला नसेल तर काढा) या सगळ्याच्या फक्त झेरॉक्स द्या, ओरिजिनल घरी. ॲडमिशन फॉर्म सही करण्याआधी वाचा. बऱ्याच फॉर्ममध्ये शेवटी बारीक अक्षरात असतं की "काही बरंवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही." असं लिहून घेतलं म्हणून गुन्हा माफ होत नाही, तरी मी ती ओळ पेनाने खोडून बाजूला सही केली, क्लार्क जरा फुगला, पण फॉर्म घेतला. वजन त्याच दिवशी त्यांच्याच काट्यावर करा आणि फॉर्मवर लिहून घ्या. भेटीचे दिवस, फोनची वेळ, सुट्टीत घरी न्यायचा नियम, फी वाढायची पद्धत, हे सगळं छापील मागा.

भेटीला गेल्यावर

ऑफिसमध्ये आणून बसवलेल्या माणसाला भेटू नका, त्याच्या खोलीत जा, संडास बघा, मावश्यांशी बोला. एका डायरीत तारीख, वजन, अंगावरच्या खुणा, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते लिहायचं. गोळ्यांचं विशेष सांगते, माणूस दुपारी अकारण पेंगत असेल तर नवीन काय सुरू केलंय आणि कोणत्या डॉक्टरने लिहून दिलंय त्याची चिठ्ठी मागा. गप्प बसावा म्हणून दिलेलं औषध म्हणजे उपचार नाही.

आमचं प्रकरण पाण्याचं होतं. भेटीला गेले की भाऊ माझी बाटली हिसकावून घटाघट प्यायचा, ओठ सुकलेले. मला वाटायचं उन्हाळा आहे. नंतर एका मावशीने हळूच सांगितलं, रात्री अंथरूण ओलं करतो म्हणून चारनंतर पाणी बंद. आता ऐका, 2016 च्या कायद्याचं कलम 92. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून तिचं अन्न किंवा पाणी तोडलं तर 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दंड. मारहाण करून अपमान करणं, चारचौघांत हिणवणं, लैंगिक शोषण हेही त्याच कलमात. बांधून ठेवणं, खोलीत डांबणं ही पण शिस्त नव्हे, गुन्हा होऊ शकतो.

तक्रार कशी लिहायची

पहिलं पत्र संस्थेलाच. राग ओतू नका. मी असं लिहिलं होतं: "अमुक तारखेला भेटीस आले असता माझ्या भावास दुपारी 4 नंतर पाणी दिले जात नसल्याचे समजले. त्यास फिट येत असल्याने हे धोकादायक आहे. पाणी देणे तात्काळ सुरू करावे व 7 दिवसांत लेखी कळवावे." एवढंच. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारखेची पोच. पोच देत नसतील तर पोस्टाने, पावती जपून. मावशीचं नाव अजिबात घ्यायचं नाही, बिचारीची नोकरी जाते. पाचव्या दिवशी पाणी सुरू झालं. लेखी उत्तर मात्र आजपर्यंत आलेलं नाही.

तिथे काम झालं नाही तर वर. जिल्ह्याचं दिव्यांग विभागाचं किंवा समाज कल्याणचं ऑफिस, मग पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय, आणि हक्कांच्या तक्रारीसाठी राज्याचे दिव्यांग आयुक्त, ज्यांना साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं असे दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात. लोकांना माहीत नसलेली जागा म्हणजे तहसीलदार. छळ, हिंसा, शोषण होतंय किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं तर 2016 च्याच कायद्याच्या कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवता येतं, आणि तहसीलदार, प्रांत हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. त्यांना लगेच पावलं उचलावी लागतात, सुटकेचा आदेशही देता येतो. शिवाय कळवणारा नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. शेजारी, पूर्वीचा कर्मचारी, कुणीही चालतं. म्हणजे "घेऊन जा" ची भीती वाटत असेल तर तुमच्या नावाशिवायही काम होऊ शकतं.

आणि तरी म्हणालेच, घेऊन जा, तर म्हणायचं, हो का, कारणासहित लेखी द्या. आणि त्याच संध्याकाळी हे जिल्हा ऑफिसला कळवून टाकायचं.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाइन 15100. मुलांसाठी 1098.

शरीर त्याचं, तिचं

यावर घरातले पण बोलत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितेय. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मुलींची पुण्याच्या ससूनमध्ये गर्भाशयं काढली, कारण काय तर पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. तेव्हा महिला संघटनांनी रान उठवलं होतं. आज 2016 च्या कायद्याचं कलम 10 सांगतं की स्वतःच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय कुणा दिव्यांग व्यक्तीवर मूल न होण्याची शस्त्रक्रिया करता येत नाही. संस्था म्हणाली "सगळ्यांच्याच पालकांनी सही दिलीय" तरी देऊ नका. पाळीचं शिकवता येतं, वेळ लागतो, विशेष शिक्षिका शिकवतात. 2009 मध्ये चंदीगडच्या संस्थेतली एक तरुणी, तिच्यावर संस्थेतच बलात्कार झाला होता, तिचा गर्भपात करायचा हायकोर्टाचा आदेश सुप्रीम कोर्टाने थांबवला, कारण तिला मूल हवं होतं आणि तिची संमती नव्हती. सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व आहे म्हणून तिचं म्हणणं मोजायचंच नाही, हे कोर्टाने मान्य केलं नाही.

पोलिसात जायची वेळ आली तर

"त्याला बोलता येत नाही, साक्ष कोण देणार" असं ठाण्यात ऐकवतात. खूण करून, चित्र दाखवून दिलेली साक्षही चालते. लैंगिक गुन्ह्यात पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी येऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या समोर जबाब घ्यायचा आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग करायचं असतं. पीडित 18 च्या आत असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो, आणि तिथे माहीत असून न कळवणं हाच गुन्हा, संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी 1 वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. कपडे धुऊ नका, अंघोळ घालू नका, थेट सरकारी दवाखाना. हद्दीवरून टोलवलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची ती.

माहितीचा अधिकार आणि दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

साध्या कागदावर 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून जिल्हा ऑफिसला विचारा: या संस्थेची गेल्या तीन वर्षांतली तपासणी कधी झाली, अहवालाची प्रत, मंजूर संख्या किती, हजर किती, अनुदान किती. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. मी मागवलं तेव्हा तपासणीच्या अहवालात एक फिजिओथेरपिस्ट दिसला जो संस्थेत मी कधीच पाहिला नव्हता.

पैशाचं म्हणाल तर पेन्शन आणि पासबुक कुणाकडे आहे ते बघा, एटीएम संस्थेत ठेवू नका. मदत करणाऱ्याचा एखाद्या व्यवहारात स्वतःचा फायदा असेल तर त्या व्यवहारातून त्याने बाजूला व्हायचं असतं, कायद्यातच आहे.

दुसरी गोष्ट मतदान. सक्षम कोर्टाने मनोविकल ठरवलं नसेल तर नाव यादीत येतं, नुसतं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट बघून बीएलओने (मतदार यादीचं काम बघणारा बूथचा अधिकारी) नाव नाकारायचं नाही. फॉर्म 6 भरायचा. आमच्याकडे बीएलओ म्हणाले, ताई, याला काय कळतंय. भाऊ तिथेच बसला होता, त्याने त्यांच्या हातातला फॉर्म घेतला आणि फोटो चिकटवायच्या चौकोनावर बोट ठेवलं.