हे स्वप्न आहे, हे स्वप्नातच ओळखायचं कसं?

विश्वास बसू नये असं काही घडलं की आपण स्वतःला चिमटा काढतो. पण स्वप्नात असल्याची खातरजमा करायला चिमटा भरवशाचा नाही, कारण स्वप्नातही तो दुखू शकतो. त्यापेक्षा नाक दाबून पाहा. नाकपुड्या बोटांनी बंद करा, तोंड मिटा आणि श्वास घ्यायचा प्रयत्न करा. जागेपणी श्वास येणार नाही. स्वप्नात मात्र बहुतेक वेळा तो सहज येतो, कारण दाबलेलं नाक स्वप्नातलं असतं आणि अंथरुणातला देह आपला श्वास घेतच असतो.

दुसरी कसोटी अक्षरांची. एखादी पाटी वाचा, नजर हटवा, पुन्हा वाचा. स्वप्नात मजकूर सहसा बदलतो. हाताची बोटं मोजणं हीसुद्धा चांगली युक्ती आहे, पण मी नाकालाच पहिली पसंती देईन. ते अंधारातही जमतं.

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण इथे अक्षरशः कामाला येते. दिवसभराची सवय स्वप्नात उतरते, म्हणून दिवसातून आठ-दहा वेळा ही तपासणी करा. उंबरा ओलांडताना, आरशासमोर, फोन हातात घेताना. पण नुसतं नाक दाबून पुढे जाऊ नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. यांत्रिकपणे केलेली कृती स्वप्नातही यांत्रिकपणेच होते, श्वास आला तरी आपल्याला काही वाटत नाही. क्षणभर थांबा आणि मनापासून शंका घ्या: मी इथे कसा आलो? पाच मिनिटांपूर्वी कुठे होतो? जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांनी भर दिला तो याच प्रश्न विचारण्यावर.

उशाशी वही ठेवा. जाग येताच, हालचाल न करता, स्वप्न आठवा आणि मग लिहा. आठवड्याभरात काही गोष्टी पुन्हा पुन्हा येताना दिसतील: जुनी शाळा, सुटलेली गाडी, वारलेले आजोबा. जागेपणी शाळेची इमारत दिसली, गाडी चुकली, आजोबांची आठवण आली की तिथेच खातरजमा करा.

स्वप्नाळू झोपेचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पाचेक तासांनी उठून, थोडा वेळ जागून, ‘आता स्वप्न पडलं की मी ते ओळखेन’ असं मनाशी घोकत पुन्हा झोपा. नुसत्या तपासणीपेक्षा ही जोड जास्त फळते. रोज मात्र झोपमोड करू नका. भास होत असतील किंवा खरं-खोटं यांत गोंधळ होत असेल, तर हा नाद टाळा.

स्वप्नातच स्वप्न ओळखणं शक्य आहे याचा पुरावा 1975 मध्ये इंग्लंडातल्या हल विद्यापीठात मिळाला. स्वप्नांच्या झोपेत शरीर लुळं पडतं, पण डोळे हलतात. ॲलन वर्स्ले यांनी स्वप्नातून ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि संशोधक किथ हर्न यांच्या यंत्रावर ती खूण उमटली.

स्वप्न ओळखलंत की हुरळून जाऊ नका, नाहीतर जाग येईल. तळहात एकमेकांवर चोळा, आजूबाजूचं नीट न्याहाळा. आणि जाग आली असं वाटताच पुन्हा एकदा नाक दाबा. कधीकधी ती जागही स्वप्नातलीच असते.