मेलमध्ये 'रिव्हर्ट' लिहिताना या चुका टाळा

ऑफिसच्या मेलमध्ये शेवटची ओळ बऱ्याचदा ठरलेली असते, 'प्लीज रिव्हर्ट बॅक', म्हणजे लवकर उत्तर द्या. आपल्याकडे हे सगळ्यांना कळतं, सिंगापूर-मलेशियातही चालतं, त्यामुळे आपसात लिहिलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण मेल इंग्लंड-अमेरिकेतल्या क्लायंटला जाणार असेल तर जरा थांबा, कारण तिथे रिव्हर्ट म्हणजे आधीच्या स्थितीला परत जाणं, उत्तर देणं नाहीच.

हा शब्द लॅटिनमधल्या 'रेव्हर्तेरे'वरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'रे' म्हणजे मागे आणि 'व्हर्तेरे' म्हणजे वळणं. कन्व्हर्ट, इन्व्हर्ट, डायव्हर्ट हे सगळे त्याच घरातले. कायद्यात तो शेकडो वर्षं वापरात आहे, लीज संपली की जमीन मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते असं म्हणतात.

आता 'रे'मध्येच मागे आलं, मग पुढे 'बॅक' कशाला? तो काढूनच टाका. 'अवेटिंग युअर रिव्हर्ट' पण नको, उत्तर या अर्थाने तिथे 'रिप्लाय' लिहा, सरळ आणि सोपं. आणि 'आय विल रिव्हर्ट टू यू' वाचून तिकडचा माणूस खरंच गोंधळतो. त्याऐवजी 'आय विल गेट बॅक टू यू' लिहा, इथे मात्र बॅक लागतोच.

जुन्या सवयीबद्दल लिहिताना अजून एक घोळ होतो. 'ही रिव्हर्टेड टू स्मोक' नाही, 'टू स्मोकिंग', कारण इथल्या 'टू'नंतर नाम किंवा आयएनजीवालं रूप येतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते सॉफ्टवेअरवाल्यांनी. तिथे रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल उलटवणं, गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या नावाची कमांडच आहे. तुम्ही घाईघाईत लिहिलंत 'प्लीज रिव्हर्ट द चेंजेस बाय ईव्हनिंग', तुमच्या मनात होतं की बदल बघून काय वाटतं ते कळवा, आणि समोरच्याने तुमचा शब्द अक्षरशः पाळून सगळं काम मागे घेतलं, तर दोष त्याला कसा देणार? इथे 'रिव्ह्यू द चेंजेस अँड रिप्लाय' एवढं स्पष्ट लिहायलाच हवं.

असा मेल गेलाच असेल तर लगेच दुसरा मेल टाका, 'प्लीज डू नॉट अनडू एनीथिंग, आय ओन्ली नीड युअर रिप्लाय'. आणि तोवर त्याने कमांड चालवली असेल तरी घाबरू नका, गिट रिव्हर्ट जुना कमिट (बदलाची साठवलेली नोंद) पुसत नाही, त्याच्या उलटा नवा कमिट बनवतं, म्हणून त्या नव्या कमिटलाच रिव्हर्ट करा, काम परत येतं. मधल्या काळात कोडच्या त्याच ओळींवर दुसऱ्या कोणी हात फिरवला असेल तर कॉन्फ्लिक्ट येईल, म्हणजे दोन बदल एकमेकांशी जुळणार नाहीत, तेवढा मात्र हाताने सोडवावा लागेल.