सातवी-आठवीतल्या मुलांना वाचनाची गोडी कशी लावाल?

सोलापूरच्या पूर्व भागात माझी संध्याकाळची शिकवणी असते. सहावी ते नववीची मुलं येतात. बहुतेकांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड आणि शाळा मराठी. पालक भेटले की सांगतात, "बाई, चौथीपर्यंत वाचायचा हो, आता पुस्तकाला हात लावत नाही." मी त्यांना आधी विचारते, वाचून झाल्यावर तुम्ही त्याला काय विचारता? "काय शिकलास?" असं विचारत असाल तर आजपासून बंद करा. या वयात शाळेच्या प्रत्येक धड्यामागे स्वाध्याय लागलेला असतो. गोष्टीच्या पुस्तकामागेही तोच लागला तर पोर ते मिटून ठेवणारच.

त्यापेक्षा ज्याला ती गोष्ट खरंच ऐकायची आहे, अशा माणसाला मुलाकडून ती सांगवा. आमच्याकडे अजून कितीतरी घरांत आज्या विड्या वळत बसतात. हात गुंतलेले, कान मोकळे. मुलीला सांगा, आजीजवळ बस, मराठीतून एक पान वाच आणि तेलुगूतून तिला सांग. आजी मध्येच अडवते: "पण त्या बाईनं पैसे आणले कुठनं?" मुलीला मागचं पान उलटावं लागतं, कधी वाक्य दोनदा वाचावं लागतं. आजीला उत्तर ठाऊक नसतं, म्हणून मुलीला ती परीक्षा वाटत नाही. "पुढं काय झालं?" असं आजीनं दुसऱ्या दिवशी आपणहून विचारलं की पुस्तक कोपऱ्यात पडत नाही. अडलेला शब्द शब्दकोशात बघ म्हणून मागे लागू नका. दोघी मिळून अर्थ लावतात, तेवढा पुरतो.

घरी आजी नसेल तर तुम्ही वाचून दाखवा. मूल तेरा वर्षांचं झालं म्हणून थांबायचं कारण नाही. या वयात पुष्कळ मुलांना स्वतः वाचण्यापेक्षा ऐकून जास्त कळतं. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं वाचा, रंगात आलेल्या जागी थांबा आणि पुस्तक तिथंच उघडं ठेवून उठा.

आता कुठलं पुस्तक? ते मुलालाच निवडू द्या. वाचनालयात त्याला बरोबर न्या, कपाटापुढं एकटं सोडा, बाहेर थांबा. दहा-बारा पानांत जमलं नाही तर बदलून आणू द्या. चित्रकथा, क्रिकेटचं पान, भुतांच्या गोष्टी, सगळं वाचनच आहे. जाड पुस्तकाची धास्ती असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक द्या. ते १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात, त्यामुळे मोबाइल हातात असलेल्या मुलालाही सुरुवात करता येते.

काहीच निवडता येत नसेल तर त्याच्या रस्त्यावरचं काहीतरी हाती द्या. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, मुलं त्यावरून रोज जातात. एकदा आत न्या. १९१० साली आपल्या सोलापुरात जन्मलेला मुलगा डॉक्टर होतो, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर युद्धात होरपळणाऱ्या चीनला जातो आणि तिथंच बत्तिसाव्या वर्षी मरण पावतो, हे ऐकल्यावर "तो तिकडं गेलाच कशाला?" असं मूल विचारतंच. उत्तर देऊ नका, त्यांचं चरित्र मिळवून द्या. तसेच चार हुतात्मे. १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. जानेवारीत त्या तारखेला गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस जवळ आलेले असतात. तेव्हाच पुतळ्यांपाशी थांबून ही गोष्ट सुरू करा. प्रश्न मुलाच्या मनात आधी उठला की पुस्तक जड वाटत नाही.

बाकी घरात मोठ्यांच्या हातात वर्तमानपत्र तरी दिसू द्या.

आणि मे महिना वाया घालवू नका. दुपारी बारा ते चार आपल्याकडं ऊन बाहेर पडू देत नाही. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी मुलाच्या स्वतःच्या नावानं वाचनालयाचं सभासदत्व घ्या. अनामत रक्कम त्यालाच भरू द्या, पावती त्याच्याच खिशात राहू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कूलरसमोरची जागा त्याची.