मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकचं ऑइल बदलताना

ब्रेक ऑइल पाणी पितं. होज (ऑइल वाहून नेणारी नळी) आणि रबरी सीलमधून हवेतला ओलावा त्यात मुरत राहतो, गाडी नुसती उभी असली तरी. त्यामुळे किलोमीटर कितीही झालेले असोत, दर दोन वर्षांनी ते बदलायचंच. कोरं डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) तापला की वाफेचे बुडबुडे धरतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. मग लिव्हर मुठीला टेकतो आणि गाडी थांबत नाही.

कोणतं ऑइल घालायचं ते हँडलवरच्या ऑइलच्या डबीच्या झाकणावरच कोरलेलं असतं. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलवर आधारित आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं आहे; ५.१ शी त्याचं नुसतं नाव जुळतं, ते यांत कधीही मिसळू नका. बाटली सीलबंदच हवी. मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली ओलावा धरून बसलेली असते. एका चाकाला २५० मिली पुरून उरतं.

आधी पॅड बघा. मसाला (पॅडचा घासला जाणारा थर) १ मिमीच्या आसपास आला असेल किंवा त्यातली झीज दाखवणारी खाच दिसेनाशी झाली असेल तर पॅड आत्ताच बदला. नव्या पॅडसाठी पिस्टन (कॅलिपरमधला पॅड दाबणारा दट्ट्या) आत ढकलताना ऑइल डबीत वर चढतं, म्हणून हे काम ऑइल भरण्याआधी करायचं. पिस्टन ढकलण्यापूर्वी ब्रेक क्लीनरने पुसा, नाहीतर कडेची माती सीलखाली जाते आणि ब्रेक धरून राहतो. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच लिहिलेली असते.

आता हँडल असं वळवा की डबी सपाट राहील. टाकीवर ओलं फडकं टाका. हे ऑइल रंग खातं, थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. झाकणाचे स्क्रू मऊ असतात. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावून, वरून दाब देऊनच फिरवा. झाकणाखालचं रबर काढून पुसून ठेवा. डबीतलं काळपट ऑइल सिरिंजने ओढून घ्या, तळाचा गाळ पुसा आणि कोरं ऑइल भरा.

कॅलिपरच्या ब्लीडर निपलवर (हवा आणि ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) आधी रिंग पाना चढवा (बहुधा ८ मिमीचा), मग पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीत, थोड्या ऑइलमध्ये बुडालेलं ठेवा. लिव्हर सावकाश दाबा आणि दाबूनच धरा. निपल पाव फेरा सैल करा. लिव्हर खाली जाईल, नळीतून ऑइल येईल. निपल बंद करा, आणि त्यानंतरच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की नळीतून हवा उलटी आत शिरते. सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात.

दर पाच-सहा दाबांनी डबीत बघा. पातळी तळाच्या छिद्राखाली गेली की हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नळीत चहासारखा रंग जाऊन फिकट, बुडबुड्यांशिवाय ऑइल येऊ लागलं की थांबा. निपल हलक्या हाताने आवळा. ते पोकळ असतं, जोर लावला तर तुटून कॅलिपरमध्ये अडकतं.

तरी लिव्हर मऊच लागतोय? हवा वर, मास्टर सिलेंडरजवळच्या (लिव्हरपाशी ऑइलला दाब देणारा भाग) बँजो बोल्टपाशी (होज जोडणारा पोकळ बोल्ट) अडकलेली असते. लिव्हर थोडाथोडा, भराभर हलवा आणि होजवर बोटाने टिचक्या मारा. डबीत बारीक बुडबुडे वर येताना दिसतात. रात्रभर लिव्हर दाबून बांधून ठेवला तरी बऱ्याचदा सकाळी तो कडक झालेला असतो. लिव्हर धरून ठेवल्यावर हळूहळू खाली सरकत असेल, आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलेंडरचं सील गेलंय. तिथे कितीही हवा काढून उपयोग नाही.

शेवटी पातळी वरच्या खुणेपर्यंत ठेवा, रबर नीट बसवा, झाकण लावा, निपलवर रबरी टोपी घाला. पिस्टन ढकलले असतील तर लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जातो. पूर्ण ताकदीने लिव्हर अर्धा मिनिट दाबून धरा आणि निपल व बँजोपाशी कोरडा कागद लावून ओल येते का बघा. कागद कोरडा राहिला की मोकळ्या जागी, चालण्याच्या वेगात दोन-तीनदा ब्रेक लावून मगच रस्त्यावर काढा.